सुभेदारमामांची कमांड

इंग्रजांचं राज्य या देशावर इतकी वर्षं टिकलं ते दोनच माणसांमुळे, एक विलायतेतला बादशहा आणि दुसरे सुभेदारमामा, असं खुद्द सुभेदारमामांचं मत होतं, आणि बादशहाचं नाव ते केवळ शिष्टाचार म्हणून आधी घेत. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. बेळगावच्या छावणीत ते भरती झाले, पुण्याला दक्षिण कमांडच्या मुख्य कचेरीत बरीच वर्षं काढली आणि पेन्शन घेऊन बेळगुंदीच्या अलीकडच्या आपल्या गावी परतले. सगळ्या नोकरीत शत्रू म्हणून त्यांनी पाहिला नव्हता. पण फौज कशी रचलेली असते, कोण कुणाच्या हाताखाली आणि ते तसं का झालं, हा विषय निघाला की मामांना थांबवणं साऱ्या फौजेच्या सरसेनापतीला, म्हणजे जंगी लाटालाही जमलं नसतं. विषय निघायचा कारण ते स्वतःच काढायचे.

लग्नानंतर निपाणीहून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ताटातली भाकरी माझी राहिलीच नाही. मामांनी ती उचलली आणि तिचे तुकडे केले. "हे बघा जावईबापू, पूर्वी बंगालची फौज येगळी, मद्रासची येगळी, आमची मुंबईची येगळी. तिघांचा लाट येगळा, तिघांचा रुबाब येगळा. ह्येचा हुकूम त्यो मानंना. मग हे सगळं मोडलं अन् चार कमांडी केल्या. पुढं एका लाटाला काय वाटलं कुनास ठाव, त्येनं दोनच ठेवल्या, उत्तर अन् दक्षिण. मोठी लढाई झाली अन् परत चार." असं म्हणत ते भाकरी मोडत, जुळवत, परत मोडत राहिले. पुण्याचा तुकडा त्यांनी झुणक्याच्या शेजारी मानाने ठेवला, त्याच्याखाली डिस्ट्रिक्ट म्हणून कांद्याची फोड, तिच्याखाली ब्रिगेड म्हणून मिरची. मामी चुलीपुढून म्हणाल्या, "जावयाला जेवू द्या आता. त्येंची फौज उपाशी हाय."

घरही त्यांनी त्याच पद्धतीवर लावलं होतं. मामी रसद खात्यावर, थोरला गडी गुराढोरांवर, आणि कोणतीही खबर खालून वर पायरीपायरीने यायची, मधली पायरी गाळायची नाही असा सक्त नियम. एकदा गोठ्यात गाय व्याली. गड्याने ते पाहिलं, पण खबर आधी मामींना द्यायची, आणि मामी गेल्या होत्या ओढ्यावर धुणं घेऊन. मामा ओसरीवर, हाकेच्या अंतरावर, मिशीला तेल लावत बसलेले. गडी त्यांच्यासमोरून मुकाट्याने ओढ्याकडे गेला. मामींनी धुणं पिळलं, वाळत घातलं, घरी येऊन मामांना वर्दी दिली, तोवर वासरू उभं राहून पीत होतं. मामा खूश झाले. "वासरू चलाख हाय," ते म्हणाले, "पर हुकमाच्या आधी उठलं, हे बरं न्हाय." मामींनी पदराआड काय केलं ते मला दिसलं नाही. पण त्यांचे खांदे हलत होते.

अशा या माणसाला एक गोष्ट मात्र आपल्या रचनेत बसवता येत नव्हती. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी सासू, गावात सगळे तिला आक्का म्हणत, ती त्याच गावात खालच्या गल्लीत दिलेली होती. मामा वरल्या गल्लीतले. मागच्या लक्ष्मीच्या यात्रेत या दोन गल्ल्यांचं बिनसलं. तिकडे ही यात्रा तपातून एकदा येते. देवी रथात बसते, गावातून फिरते आणि वेशीबाहेर गदगेवर, म्हणजे तिच्यासाठी घातलेल्या ओट्यावर, जाऊन विराजते. रथाचा उजवा दोर वरल्या गल्लीच्या मानाचा, डावा खालच्या. दोन्ही गल्ल्यांचे म्होरके वेगळे, आरोळी वेगळी. त्या वर्षी आपला जोर जास्त हे दाखवायला दोघांनीही असे काही हिसके दिले की रथ चौकातच कलला आणि देवीला हातावर उचलून न्यावं लागलं. तेव्हापासून गल्ल्यांनी एकमेकींचं पाणी तोडलं. शे-दोनशे पावलांवर माहेर असून आक्काला त्याचा उंबरा बंद झाला. दोघा भावंडांची आई गेली तेव्हाही आक्का चौकात उभी राहून रडली, पुढे आली नाही. मी निपाणीचा, दोन्ही गल्ल्यांना सारखाच परका, म्हणून मला दोन्हीकडे जेवण मिळे आणि दोन्हीकडचे निरोप न्यावे लागत.

पुन्हा यात्रा आली तेव्हा मामांनी देवळात सगळ्यांना बोलावलं आणि भाकरी न घेता तोच इतिहास सांगितला. "दोन फौजा, दोन लाट, म्हनून रथ कलला," ते म्हणाले. "कमांड झाली म्हनून कुठल्या पलटनीचं नाव गेलं न्हाय, पगडी गेली न्हाय. तुमचा दोर तुमचाच, त्येंचा त्येंचाच. हुकूम तेवढा एका तोंडातनं." सगळ्यांना पटलं. मामांची छाती फुगली. तेवढ्यात खालच्या गल्लीतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बरं हाय सुभेदार. पर त्ये तोंड वरल्या गल्लीचं नको." वरल्या गल्लीनेही लगेच उलट तेच सांगितलं. मामा खाली बसले. आयुष्यभर ज्या हुकमाची वाट पाहिली तो हाताशी आला होता आणि त्यांच्याच गल्लीमुळे निसटत होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते पुन्हा उठले. "मग आक्का देऊ दे हुकूम," ते म्हणाले. "ती जन्मली आमच्यात, नांदली तुमच्यात. तिला कोन परकी म्हनतंय?" देवळात कुजबूज सुरू झाली. बाईमाणसाने रथापुढे उभं राहायचं हे कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी पुजारी म्हणाला, "देवी बी बाईच हाय की. बाईनं बोलवलं तर येईल न्हवं."

यात्रेच्या दिवशी आक्का हिरवं लुगडं नेसून रथापुढे उभी राहिली. हात वर गेला की दोन्ही दोर ताठ, खाली आला की थांब. मामांनी स्वतःसाठी चाकाखाली ठोकळे घालायचं काम मागून घेतलं होतं. पुण्याच्या कचेरीतला सुभेदार धुळीत गुडघे टेकून चाकाबरोबर सरकत होता आणि मधूनमधून डोकं वर काढून आपल्या जंगी लाटाकडे पाहत होता. चौक आला. आक्काने हात खाली केला, थांबवलं, पदर खोचला आणि पुन्हा हात वर केला. रथ जराही न कलता चौकातून पार झाला. दोन गल्ल्यांची 'चांगभलं'ची आरोळी त्या दिवशी एकाच वेळी उठली, ती थेट देवी गदगेवर बसेपर्यंत थांबली नाही. मी गावचा नव्हतो, तरी माझा घसा चार दिवस बसला होता. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

संध्याकाळी आक्का वरल्या गल्लीत गेली. तिला कुणी अडवलं नाही. उंबऱ्यावर मामींनी तिच्या पायांवर पाणी घातलं. आत आल्यावर तिने आई बसायची त्या जागेकडे पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मामा समोर उभे. काही तरी बोलायला हवं होतं, पण त्यांना इतिहास आठवेना. "जेवतीस न्हवं?" एवढंच ते म्हणाले. "व्हय की," आक्का म्हणाली, "त्येच्यासाठीच आलोय."

पुढची यात्रा आली तेव्हा गोऱ्या पलटणी छावणीतून सामान बांधून निघाल्या होत्या. मामा आणि आक्का, दोघंही तोवर गेली होती. रथ चौकात आला तसा मी शेजारच्या एका तरण्या गड्याला विचारलं, वरल्या गल्लीचा दोर कुठला? त्याने दोन्ही दोरांकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "तसं काय नसतंय हो. हात घाला कुठंबी." मी हात घातला. दोर ओढता ओढता सारखं वाटत होतं, आत्ता घरी जावं आणि मामांना हे सांगावं.