दारातली पहिली भाकरी

हडपसरच्या त्या गल्लीत हमीदाबींना सगळे मानतात ते भाकरीमुळे. तव्यावरची पहिली भाकरी घरच्यांची नाही, दारी येईल त्याची. हा त्यांच्या माहेरचा रिवाज. लोक म्हणतात, काय दानशूर घराणं! हमीदाबी मान डोलावतात आणि विषय बदलतात. उभा जन्म त्यांनी हे कौतुक निमूटपणे गिळलं.

नात अलफिया इतिहासात एम.ए. करते. १८७७च्या दुष्काळावर तिला पेपर वाचायचा होता. तो नरसंहारच होता, असं तिचं ठाम मत. तिचे सुदर्शन सर पक्के पुणेकर. "पाऊस पडला नाही, सरकार आंधळं होतं, सगळं कबूल. पण माणसं मारायचा हेतू होता का? तो दाखवा, मग मोठे शब्द वापरा," असं त्यांनी भर वर्गात सुनावलं. पोरगी रडकुंडीला येऊन घरी आली.

"दादी, तुझे पणजोबा तेव्हा बैलगाडी हाकायचे ना? भुकेल्यांना धान्य वाटायचे ना? सांग ना काहीतरी." तिनं फोन रेकॉर्डिंगला लावून पुढ्यात ठेवला.

हमीदाबींपुढे पेच पडला. गप्प बसल्या तर नात तोंडघशी पडणार, बोलल्या तर घराण्याची अब्रू जाणार. आणि ही अब्रू तरी कसली, फुकटची! त्यांना स्वतःचीच चीड आली.

"वाटत नव्हते," त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्याची ज्वारी स्टेशनावर पोचवायचे. परमुलखात जायची ती. रस्त्याच्या कडेला माणसं मरून पडलेली. सोबत पहाऱ्याला शिपाई, आणि गाडी थांबवायची नाही असा हुकूम. एका बाईनं पोतं धरलं. ते उसवलं, मूठभर दाणे तिच्या हातात आले. रज्जाक पणजोबा खाली उतरले. तिची बोटं एकेक करून उलगडली आणि दाणे परत पोत्यात टाकले."

"शिपायानं करायला लावलं?"

"शिपाई पुढे गेला होता. त्यानं पाहिलंसुद्धा नाही."

"मग का? ती मरावी म्हणून?"

"नाही गं. तिच्याशी त्यांचं काय वैर? त्यांना पोतं भरलेलं पाहिजे होतं, एवढंच. पण त्या दिवसापासून पहिली भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. तीच आपण दारात ठेवतो."

अलफियाचा चेहरा उतरला. तिनं फोन बंद करायला हात पुढे केला. हमीदाबींनी तिचा हात धरला.

"काही गाळू नकोस. नाव तर मुळीच गाळू नकोस. ती बाई कोण होती, कुणालाच ठाऊक नाही. निदान रज्जाक पणजोबांचं तरी राहू दे."