मोहन्याच्या शाळेतली शिंक

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते तेव्हाची गोष्ट. कल्याणजवळ नदीचं पाणी वस्तीत घुसलं आणि मदतीला आमची तुकडी आली. मुक्काम मोहन्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. मी वर्तकनगरची, म्हणजे जवळपास घरच्याच भागात आलेले, म्हणून जरा जास्तच ताठ चालत होते. चिखलातसुद्धा युनिफॉर्मला इस्त्री. तेव्हाची ती मी आज समोर आले, तर आधी हातात साबण देईन आणि मग पाठीत धपाटा घालीन.

कारण बाईंना सर्दी झालेली. माझे नर्सिंग असिस्टंट हवालदार पवार म्हणाले, "मॅडम, मास्क लावा. नाहीतर सिक रिपोर्ट करून रजेवर पडा."

"मी आजारी पडत नाही, पवार. आजाऱ्यांना उठवते."

केवढा तो रुबाब! आणि खिशात एकच रुमाल, नाक पुसून पुसून ओला झालेला.

रोज सहाला उठणं, साडेसहाला चहा, सातला बोटी पाण्यात. दुपारी माणसं ओल्या कपड्यांनी परत यायची. चाळीस जण एका हॉलमध्ये, पावसामुळे खिडक्या बंद. नळाशी सगळ्यांना मिळून एक टॉवेल. माठावर साखळीने बांधलेला एक पेला. हे बदलणं माझं काम होतं. मी त्याच पेल्याने पाणी पीत होते.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता नाईक दशरथ म्हात्रे पट्टी बांधायला आला. बोटीच्या दोराने तळहात कापलेला. तिशीचा, तिथलाच गडी.

"मॅडम, ती कारखान्याची चिमणी दिसते ना, तिचे मागं माजा घर. आई माळ्यावर बसलीय."

"मग जाऊन ये ना तासभर."

"ड्युटी हाय. पानी उतरला का घरी जानार."

तेवढ्यात मी शिंकले. हातावर. आणि त्याच हाताने त्याची पट्टी पुरी केली.

म्हात्रेने टेबलावर टकटक केलं. "सत्य! बगा मॅडम, शिंकेनं साक्ष दिली."

आपल्याकडे बोलताना कुणी शिंकलं की बोललेलं खरं होतं म्हणतात. मी हसले. जंतूंवर परीक्षा पास झालेली बाई चक्क खूश झाली.

पाचव्या दिवशी अर्धा हॉल खोकत होता. म्हात्रेला एकशे तीन ताप. आदल्या दिवशी अंगात कणकण असून तो बोटीवर गेलेला.

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी पन उभ्याच हाव ना, मॅडम."

मी मास्क लावला, तो तेव्हा. पेला साखळीतून काढला, टॉवेल उकळायला टाकला, खिडक्या उघडल्या, तापवाल्यांची अंथरुणं वेगळी केली. सगळं बरोबर केलं. दोन दिवस उशिरा.

सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी म्हात्रेचा श्वास मिनिटाला छत्तीस. ओठ निळसर. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच, काटा खाली आलेला. आमचे डॉक्टर मेजरसाहेब नदीपलीकडच्या कॅम्पवर. मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, मेडिकल. एक सीरियस कॅज्युअल्टी. अ‍ॅम्ब्युलन्स हवी. ओव्हर."

"रस्ता पाण्याखाली. बोट देतो. चाळीस मिनिटं. ओव्हर."

"एवढा ऑक्सिजन नाही. ओव्हर."

"बोट निघाली. आउट."

सीमेजवळच्या हॉस्पिटलात मी तोफांचे आवाज ऐकलेत. इतकी तेव्हाही घाबरले नव्हते. तेव्हा शत्रू डोंगरापलीकडे असायचा. इथे तो माझ्या खिशातल्या रुमालात होता. सलाइन लावायला मला शीर सापडेना. पवारांनी सुई माझ्या हातातून घेतली. त्यांनीच शीर शोधली.

बोट अडतीस मिनिटांत आली. सिलिंडर वाटेत संपला. बोट चिमणीजवळून गेली तेव्हा म्हात्रेने मान वळवली. मी त्याचा हात धरला होता, पट्टीवालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हॉस्पिटलमध्ये त्याने प्राण सोडला. न्यूमोनिया. मेजरसाहेब म्हणाले, "लागण कुणाकडून झाली, सांगता येत नाही, कॅप्टन." मी "येस सर" म्हटलं.

पाणी उतरलं आणि नाईक म्हात्रे घरी गेला. तिरंग्यात. बोलल्याप्रमाणे. भिंतींवर अजून चिखलाची रेघ होती. त्याच्या आईने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. पेला हातात धरून मी तशीच बसून राहिले.

आता आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत मला 'साबणआजी' म्हणतात. म्हणू देत. बाहेरून आलेल्याने दारातल्या बेसिनवर बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात धुवायचे, मगच सोफा. दरवर्षी फ्लूची लस. ज्याला ताप, तो घरी. ऑफिसचे साहेब असले तरी. "बुडत नाही तुमचं ऑफिस," मी जावयालाही सुनावते.

परवा नात म्हणाली, "आजी, मी यंदा ट्रेकला जाणारच," आणि जावई शिंकले. लेक टेबलावर टकटक करून म्हणाली, "सत्य!"

मी ओरडले, "कोपरात! शिंक कोपरात!"

"अगं आई, केवढ्याने ओरडतेस," लेक म्हणाली.

मी नातीचे हात धरून बेसिनकडे नेले. मनात त्याचं नाव घेतलं, रोलकॉलला घेतात तसं, रँकसकट. नाईक दशरथ म्हात्रे. आणि तिचे हात नीट धुतले जाईपर्यंत नळ बंद करू दिला नाही.