देव पाण्यातून काढले ती सकाळ

खरं सांगायचं तर तुमच्या आजोबांच्या त्या मोटारसायकलच्या सहलीवर माझा सुरुवातीपासूनच विश्वास नव्हता, आणि त्या दिवसांत देवावरही तो फारसा उरला नव्हता. ईरा, निहार, तुम्ही दोघं टेक्सासला आणि आम्ही इथे बेलव्ह्यूला, त्यामुळे ही हकीकत तुमच्यापर्यंत फोनवरून तुकड्यातुकड्यांनी पोचली. निहारला तर ‘आजोबा युरोपात हरवले होते’ एवढंच ठाऊक आहे. म्हणून मी ती नीट क्रमानं लिहून ठेवते आहे.

विनूकाका आणि शरदकाका हे आजोबांचे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले मित्र. तेव्हा तिघांत मिळून एक जुनी मोटारसायकल होती आणि तिच्यावरून एकदा युरोप पालथा घालायचा, असं तिघांनी ठरवलं होतं. सत्तरी आली तरी ते त्यांच्या मनातून गेलं नाही. म्युनिकला मोटारसायकली भाड्यानं घ्यायच्या आणि आल्प्सचे घाट चढून इटलीत उतरायचं, असा बेत ठरला. आजोबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली, म्हणून मलाही द्यावी लागली. मी रोजची औषधं वेगवेगळ्या पिशव्यांत भरली, डिंकाचे लाडू केले आणि बॅगेत सगळ्यात वर लोकरी कानटोपी ठेवली. आजोबा म्हणाले, “अगं, मी हेल्मेट घालणार आहे.” मी म्हटलं, “मग त्याच्या आत घाला.”

म्युनिक सोडल्यापासून त्यांना पाऊस लागला. तिकडे संध्याकाळ झाली की ते हॉटेलवरून फोटो पाठवत, आणि इकडे माझा सकाळचा चहा चाललेला असे. एका फोटोत पिवळे रेनकोट घातलेले तीन म्हातारे बसथांब्याखाली उभे राहून लाडू खात होते. खाली शरदकाकांनी लिहिलं होतं, “वहिनी, युरोप पाहिला. राखाडी आहे.” मला हसू आलं नाही. इथे बेलव्ह्यूला लख्ख उन्हाळा होता, शेजाऱ्यांची हिरवळ पाण्यावाचून पिवळी पडली होती, आणि मी रोज उठून आधी आल्प्सचं हवामान बघत होते.

माझ्या सासूबाईंची एक रीत होती. घरात कुणी संकटात असलं की त्या देव पाण्यात ठेवत. काम होईपर्यंत देवानं पाण्यातच बसायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली. मला ती रीत भाबडी वाटायची. पण त्या पावसाच्या बातम्या बघता बघता एका सकाळी मी सॅलडचं काचेचं भांडं घासून घेतलं, त्यात पाणी भरलं आणि सासूबाईंचा पितळी गणपती त्यात बसवला. म्हटलं, हे सुखरूप घरी येईपर्यंत तू इथेच. रोज पाणी बदलत होते, भांडं पुसत होते, सगळं कसं शिस्तीत. आता वाटतं, ती प्रार्थना नव्हती, अडवणूक होती. पण त्या वेळी हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग एका सकाळी फोटो आलाच नाही. चहा निवला. बऱ्याच वेळानं विनूकाकांचा फोन आला. नेहमी थट्टा करणारा माणूस, पण आवाज अगदी खाली गेलेला. “वहिनी, तो आमच्या मागेच होता. आम्ही घाट उतरून आलो, तो अजून आलेला नाही.” धुकं आणि पाऊस इतका होता की मागचा दिवा कधी दिसेनासा झाला ते त्यांना कळलंच नव्हतं. आजोबांचा फोन लागत नव्हता. पोलिसांना कळवलं होतं, पण वरचा रस्ता बंद केला होता.

फोन ठेवून मी सरळ देवघरापाशी गेले आणि अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण उचलले. एका गणपतीनं भागत नाही, तर सगळेच पाण्यात ठेवू, असं काहीतरी डोक्यात होतं. तेवढ्यात शेजारची श्रुती विरजण मागायला आली. ही मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. माझा चेहरा बघून ती आत आली, सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या मूर्तींकडे आणि त्या भांड्याकडे बघत हळूच म्हणाली, “काकू, तिकडे काका भिजताहेत, इकडे तुम्ही यांना भिजवून ठेवलंय. कुणाला तरी कोरडं राहू द्या ना.”

बोलून गेल्यावर तीच घाबरली. सॉरी काकू, सॉरी, म्हणत राहिली. मला राग आला नव्हता. मी गणपतीकडे बघत होते. इतके दिवस मी त्याला पाण्यात ठेवलं होतं, पण त्याच्याकडे असं एकदाही बघितलं नव्हतं.

हातातल्या मूर्ती परत देवघरात ठेवून मी त्याला बाहेर काढलं. कपाटातला नवा मऊ टॉवेल घेतला आणि तान्ह्या बाळाला पुसावं तसं त्याचं डोकं पुसलं, मग कानांच्या मागे, सोंडेच्या वळणात. पाटावर कोरडं लाल वस्त्र घालून त्यावर बसवलं आणि निरांजन लावलं. मागावं म्हणून तोंड उघडलं, तर मागण्यासारखं काही सुचेना. एवढंच म्हणाले, “माझी काही अट नाही. ते तुझेच आहेत.” भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती शेजारी बसून होती. श्रुतीनं ऑफिसला कळवलं, मीटिंग कॅन्सल केली आणि आमच्या दोघींसाठी पुन्हा चहा टाकला.

तो चहा संपायच्या आत फोन वाजला. परदेशातला लांबलचक अनोळखी नंबर होता.

“मी आहे गं,” आजोबा म्हणाले. “कोरडा आहे.”

बाकीचं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. घाटात चष्मा पुसायला थांबले, तर गाडी पुन्हा सुरूच होईना. भिजून फोनही बंद पडला. लाडू आदल्या दिवशीच संपले होते, अंगाला कापरं भरलं आणि बोटं मिटेनाशी झाली. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक घर होतं, पण धुक्यात ते त्यांना दिसलंच नव्हतं. त्या घरातली म्हातारी गोठ्याचं आपटणारं दार लावायला बाहेर आली आणि तिला गाडीचा दिवा दिसला. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांना जर्मन येत नव्हतं. तिनं दंडाला धरून यांना आत नेलं, चुलीपाशी बसवलं आणि हेल्मेट काढलं. आतली कानटोपी बघून ती खळखळून हसली. मग तीही काढली, एक टॉवेल आणला आणि काही न विचारता यांचं डोकं पुसलं. “लहान मुलासारखं,” आजोबा म्हणाले. “आईनंतर कुणी पुसलं नव्हतं.” त्यानंतर गरम दूध आणि मध लावलेला पाव दिला आणि आपला फोन यांच्या पुढ्यात ठेवला. विनूकाकांचा नंबर काही आठवेना, पण आमच्या घरचा पाठ होता. ते सुखरूप असल्याचा निरोप मी लगेच विनूकाकांना दिला, तेव्हा एवढा मोठा माणूस फोनवर रडला.

म्हातारीनं डोकं पुसल्याचं ऐकताना मी देवघराकडे बघितलं. पाण्याचं, टॉवेलचं सगळं आजोबांना सांगितलं. ते पडले इंजिनिअर, लगेच इकडची वेळ आणि तिकडची वेळ ताडून बघायला निघाले. मी म्हटलं, राहू दे. मला मोजायचं नाही. त्या बाईचं नावसुद्धा आपल्याला नीट ऐकू आलं नाही, तिचे उपकार कुठल्या हिशेबात बसवणार?

बाळांनो, मी तुम्हाला देव शिकवू शकत नाही. एवढंच सांगते की मी त्याला अडवून धरलं होतं तोवर माझ्याच मुठी आवळलेल्या होत्या. ते भांडं आता पुन्हा सॅलडसाठी वापरते. तुमच्याकडे वादळाचा इशारा आला आणि तुम्हा दोघांना शाळेतून घरी यायचं असलं, की मी गणपतीचं डोकं मऊ टॉवेलनं पुसते, आल्प्समधल्या त्या म्हातारीला मनातून नमस्कार करते, आणि त्याला सांगते, पोरं बाहेर आहेत.