अकरा सेकंदांचे बळीराम मास्तर

बळीराम मास्तरांचं वाजवणं या जगात आता फक्त अकरा सेकंद उरलं आहे, आणि त्या अकरा सेकंदांवर नाव दुसऱ्याचं आहे. हे मी केलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले की वाचणाऱ्याने सावध राहावं.

मास्तर ओवे गावचे. खारघरच्या टॉवरांना खेटून हे गाव अजून तग धरून आहे. तिथल्या लग्नाच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे. उंची बेताची, वाजवून वाजवून गाल सैल पडलेले, अंगात लाल कोट, आणि त्या कोटाची पितळी बटणं मात्र आरशासारखी. बाकीच्या बँडवाल्यांच्या कोटांना निम्मी बटणं नसायची. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलं होतं, एवढं त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. चालताना ते किंचित डावीकडे झुकायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. सुकापूरला मी राहते त्या इमारतीसमोरून एक वरात चालली होती, आणि भर दुपारी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी चपला घालून तावातावाने खाली उतरले. तीस वर्षं मी मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीत जुन्या तबकड्यांचा आवाज स्वच्छ करण्याचं काम केलं आहे. कानावर पोट भरलेली बाई मी. बेसूर काही ऐकलं की माझं डोकंच उठतं. खाली जाऊन तोंड उघडणार, तेवढ्यात लक्षात आलं की अख्खा बँड बेसूर आहे आणि ट्रम्पेट तेवढा काट्यावर सुरात आहे. मी तशीच उभी राहिले.

"ताई, बंद करू काय?" मास्तरांनी ओठावरून ट्रम्पेट काढून विचारलं.

"तुम्ही नका करू. बाकीच्यांना करायला सांगा."

ते इतके हसले की पुढची ओळ चुकली. अशी ओळख.

आता माझ्या कामाबद्दल. निवृत्त झाल्यावर मी घरूनच एका जर्मन माणसासाठी काम करू लागले. डिटमार त्याचं नाव, निवृत्त शाळामास्तर. पहिल्या महायुद्धाच्या आधी, कैसरच्या काळात, जर्मन पलटणींच्या बँडांनी जी कूचगीतं लाखेच्या तबकड्यांवर भरली, ती तो पुन्हा सीडीवर काढतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात आणि हिटलरचं नाव घेतात. हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पण असो. डिटमारचं सगळं भांडण अचूकपणाचं. आधीच्या कंपन्यांनी ही रेकॉर्डिंग्ज पुन्हा काढताना वाट्टेल ते केलं होतं. कुणी एका पलटणीचं नाव दुसरीला लावलं, कुणी वेग चुकवला, कुणी घुमारा घातला, कुणी दोन तबकड्या जोडून एक केली. तबकडीवर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे लिहिलेले असले तरी ती भरताना तेवढेच असतील असं नाही. वेग चुकला की सूर चढतो किंवा उतरतो आणि शिपाई धावायला तरी लागतात नाहीतर रेंगाळायला तरी. मी छापील स्वरलिपीशी सूर ताडून मिनिटाला एकशे चौदा पावलं हा वेग नक्की केला, तेव्हा डिटमारने मला फुलांचं चित्र असलेलं पत्र पाठवलं. त्याचा नियम एकच होता. जे हरवलं ते हरवलं म्हणून लिहायचं. भर घालायची नाही. भर घालणाऱ्या कंपन्यांना आम्ही दोघं मिळून यथेच्छ शिव्या द्यायचो. त्यात माझ्या जास्त असायच्या.

मग ती तबकडी आली. म्हणजे तिचं रेकॉर्डिंग आलं. तिची जगात एकच प्रत सापडली होती आणि तिच्या काठाचा टवका उडालेला होता. छापील स्वरलिपीत सुरुवातीला एकट्या ट्रम्पेटची ललकारी होती, तबकडीवर ती पुरती गेलेली. अकरा सेकंद. पुढचा सगळा बँड इतका सुंदर की ते डोकं उडालेलं गाणं मला बघवेना.

मी मास्तरांना फोन केला. खरं सांगते, तेव्हा ती गंमत होती. नुसतं कानाला कसं वाटतं, ते बघायचं होतं.

ते दुपारी आले, बँडचे बूट घालून. स्वरलिपी त्यांना येत नव्हती. मी पेटीवर ओळ वाजवून दाखवली, ती त्यांनी दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा बरी वाजवली. मग मी एकशे चौदाचा ठोका लावला.

"एवढी घाई कसली, ताई? नवरदेव पळून चाललाय काय? कुणाचं लगीन हाय हे?"

"लग्न नाही, मास्तर. जर्मनीतल्या पलटणीचं आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली."

"मंजे यातले वाजवनारे समदे गेले."

"गेलेच असणार."

"मग यांच्यात मी एकलाच जिता," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रम्पेटचं तोंड रुमालाने पुसलं.

मी त्यांना खुर्ची दिली. बसून त्यांना वाजवता येईना. सूर लागायचा, पण जीव नसायचा. "आमाला बसून सवय नाय. आमी आख्खा जलम चालत वाजवलंय." मी म्हटलं, मग उभे राहा. उभं राहूनही जमेना. शेवटी ते माझ्या दिवाणखान्यात जागच्या जागी पावलं टाकू लागले आणि ट्रम्पेट जो काय खुलला! अकरा सेकंदांत एकवीस पावलं. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरची रंजिता वर आली. "काकू, वर परेड चाललीय का?" मी तिला जिन्यातूनच परत पाठवलं.

बुटांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला होता. काढता आला असता. मला तो आवडला, म्हणून ठेवला.

जाताना मास्तर दारात थांबले. "ताई, एका पेनड्राइवमदी द्या ना. घरी ऐकवीन. आमचं नुसतं वाजवनं कुनी कवा भरून ठेवलं नाय."

"देते की. जरा नीट करून देते," मी म्हटलं.

नीट केलं. त्यांच्या आवाजाचा वरचा आणि खालचा भाग कापला, म्हणजे तो भोंग्यातून आल्यासारखा पत्र्याचा झाला. त्याच तबकडीवरची खरखर उचलून त्यावर पसरली. सांधा जिथे जुळवला, तो माझा मलाच सापडेना. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. इथे माझा पाय घसरला. डिटमारला मी लिहिलं की पनवेलच्या एका जुन्या घरात याच तबकडीची दुसरी प्रत मिळाली, तिची सुरुवात शाबूत आहे. आणि मास्तरांचं मूळ, स्वच्छ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. पुरावा नको म्हणून.

मास्तरांनी पेनड्राइवचं दोनदा विचारलं. एकदा फोनवर, एकदा बाजारात मेथीची जुडी हातात धरून. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

सीडी निघाली. पुस्तिकेत पलटणीचं नाव, बँडमास्तरचं नाव, वेग दशांशापर्यंत, आणि खाली माझं नाव: कुमुद अमुक, पनवेल. आणि मग एका जर्मन प्राध्यापकाने लेख लिहिला. त्याचं म्हणणं, त्या काळी बँड तबकडी बसून भरायचे की उभं राहून, हा वाद या तबकडीने मिटवला. सुरुवातीला पावलं स्पष्ट ऐकू येतात आणि डावं पाऊल जास्त जड पडतं. म्हणजे शिपाई कवायतीप्रमाणे जागच्या जागी पावलं टाकत वाजवत होते! डिटमार आनंदाने वेडा झाला. मी तो लेख वाचला. दिवाणखान्यातल्या फरशीकडे बघत बसले. तरीही डिटमारला खरं कळवलं नाही.

यंदा उन्हाळ्यात दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर एक बाई, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"मी गुणाबाई. बळीराम मास्तरांची."

मास्तर गेल्याचं मला तेव्हा कळलं. त्याला अकरा महिने झाले होते. ताप आला, दवाखान्यात नेलं, चार दिवसांत संपलं. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

गुणाबाईंनी पिशवीतून लग्नांच्या सीडी काढल्या. दहा-बारा तरी होत्या. "वरीससराद हाय पुढल्या मयन्यात. म्हनलं, त्यांचा बाजा लावू थोडा. गावातनं समद्यांच्या सीड्या मागून आनल्या. पन त्या शूटिंगवाल्यांनी वरतून शिनेमाची गानी चिकटवलीत हो. ह्यांचे गाल फुगलेले दिसतात, आवाज दुसऱ्याचाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते बोलायचे, सुकापूरच्या ताईंकडं माजं नुसतं माजं वाजवलेलं हाय."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. तांब्या भरला. मग बाहेर येऊन म्हटलं, "मूळचं खराब झालं हो. पण एका ठिकाणी थोडं आहे."

खराब झालं! जणू आपोआप झालं.

मी ती जर्मन सीडी लावली. ललकारी वाजली, बँड सुरू झाला, मी बंद केलं. गुणाबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ट्रम्पेट त्यांना ओळखू आला नव्हता. कसा येणार? मी त्याला ओळखू येण्याजोगा ठेवलाच नव्हता. दुसऱ्यांदा लावलं. त्यांनी डोळे मिटले. आणि मग त्यांचा हात गुडघ्यावर पडू लागला, एक जड, एक हलका.

"हा पाय त्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "मिठागरात उजव्या टाचेला लागलेलं, ते कवा भरलंच नाय. डाव्यावरच चालायचे. रातचे घरी यायचे तवा मी हाच आवाज ऐकून भाकरी टाकायची."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "यावर त्यांचं नाव कुटं हाय?"

"नाही."

"आनि हे?"

"हे माझं."

"बरं," गुणाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर मी डिटमारला पत्र लिहून ईमेलने पाठवलं. तीन पानं. तबकडीची दुसरी प्रत कधीच नव्हती, पावलं माझ्या घरातली आहेत, प्राध्यापकाला कळव, मला माफ कर. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं. नव्या आवृत्तीतून ते अकरा सेकंद काढले जातील आणि सुरुवात हरवली आहे असं छापलं जाईल. यापुढे त्याला माझी गरज नाही. बरोबरच आहे. मीही हेच केलं असतं. कोणी वाजवलं, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं. मला राग आला. मग मी माझंच पत्र पुन्हा वाचलं. तीन पानांत मी माझं नाव, माझी चूक, माझी लाज सगळं लिहिलं होतं, आणि मास्तरांबद्दल तीनच शब्द होते: "एक स्थानिक वादक".

मी दुसरं पत्र पाठवलं. त्यात फक्त नाव आणि गाव. त्याला उत्तर आलं नाही.

मग महिनाभर मी त्या अकरा सेकंदांना बसले. वरची खरखर काढायची, खाली मास्तर जसे होते तसे गुणाबाईंना द्यायचे. आयुष्यभर लोकांच्या तबकड्यांवरची धूळ झाडली, तर ही माझी स्वतःची का नाही निघणार? नाही निघाली. जे कापलं होतं ते परत येत नव्हतं. खरखर ओढली की तिच्याबरोबर ट्रम्पेट फाटत होता. शेवटी थोडी कमी झाली, तेवढीच.

वर्षश्राद्धाला मी ओव्याला गेले. जेवणं झाल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या. मास्तरांचा लाल कोट भिंतीला टांगला होता, बटणं कुणीतरी घासलेली. बँडमधले काशिराम ढोलवाले पुढेच बसले होते. स्पीकर लावला. ललकारी झाली, पावलं झाली, संपलं. कुणीतरी म्हणालं, परत लावा. परत लावलं. पाचव्या वेळी बायकांनी गुडघ्यांवर ठेका धरला.

"खरखर लय हाय," काशिराम म्हणाले.

"जुनं हाय ना ते," गुणाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. "हाय ना ओ, ताई?"

ते तीन वर्षांपूर्वीचं होतं, आणि खरखर मी घातली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.