दोन चमचे साखर

ओलेटा स्टॅम्पर चॅनल चौदावर रोज सकाळी सात वाजता कोण गेलं, कुणाचा वाढदिवस आहे आणि कुठल्या चर्चमध्ये जेवण आहे, ते वाचून दाखवायची. चोवीस वर्षं. चॅनल म्हणजे बँकेच्या मागच्या दोन खोल्या आणि डोंगरावरचा एक मनोरा. ताकद एवढीच की शेजारच्या काउंटीला पत्ताही लागू नये. पण केंटकीच्या या घळींतली आमची माणसं ओलेटाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणाला मेलेलं मानत नसत.

तिचा धाकटा भाऊ होबार्ट अकरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. आई गेली आणि आईचा बिडाचा तवा ओलेटानं उचलला, एवढंच कारण. जमीन वाटून घेताना दोघांत शब्दाला शब्द लागला नाही, तो तव्यावरून लागला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही दोघं. मात्र ओलेटानं काही चुकीचं वाचलं की पाच मिनिटांत ऑफिसातला फोन वाजायचाच.

"त्या बाईंना सांगा, एल्झी टर्नर सत्त्याहत्तरचा नव्हता, एकोणऐंशीचा होता." आणि खाडकन फोन बंद.

फोनवर बसणारी ग्लेना ते चिठ्ठीवर लिहून द्यायची. ओलेटा चिठ्ठी वाचून ड्रॉवरमध्ये टाकायची. ड्रॉवर गच्च भरला होता. भाऊ म्हणून तिच्याकडे उरलं होतं ते तेवढंच.

मग मालक व्हर्जिलनं नव्या पद्धतीचं प्रक्षेपण आणायचं ठरवलं. पुराच्या वर्षी जुना सिग्नल घळींत तुटत राहिला, इशारा खालच्या घरांपर्यंत पोचलाच नाही. नवा सिग्नल तिथे टिकतो, हे त्यानं फिरून तपासलं होतं. त्याचं चुकत नव्हतं, हे ओलेटालाही कळत होतं.

"मग जुनंही चालू ठेव की," ती म्हणाली.

"मोठ्या चॅनलवाल्यांना जमतं ते, ओलेटाबाई. आपल्याकडे चॅनल एकच. जुनं बंद केल्याशिवाय नवं कसं लावू? आणि अग्निशमनच्या शेडमध्ये नवा सिग्नल पकडणारे डबे वाटतोय ना आपण, फुकट! डबा टीव्हीला जोडला की झालं."

"आणि जो घ्यायला येणारच नाही, त्याचं काय?"

"फुकटचं कोण सोडतंय?"

होबार्ट सोडत होता. चर्चनं नाताळात दिलेला हॅमसुद्धा त्यानं परत पाठवला होता. शेडमध्ये तो आला नाही. शेवटी ओलेटानं पोस्टमनच्या हातापाया पडून एक डबा त्याच्या टपालपेटीत ठेववला. चिठ्ठी लिहायला बसली, पण काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तसाच दिला.

नवं प्रक्षेपण सुरू झालं. चित्र इतकं लख्ख की ग्लेना म्हणाली, "अगं, तुझ्या ब्लाउजचं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय, तेसुद्धा दिसतंय!" ओलेटा हसली, पण कान फोनकडे होते. चौथ्या दिवशी तिच्याकडून दफनाची वेळ चुकीची वाचली गेली. मयताच्या घरून फोन आला, होबार्टचा नाही. आठवा दिवस गेला. आता आपण कुणासाठी वाचतोय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी चर्चच्या बायकांनी दिलेली मक्याच्या पावाची कृती वाचायची होती. कागदावर लिहिलेलं सगळं ओलेटानं नीट वाचलं आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि दोन चमचे साखर."

आमच्याकडे माणसाला घोडाचोरीही एकवेळ माफ होईल. मक्याच्या पावात साखर नाही. फोन घणघणायला लागले ते थांबेचनात.

"ओलेटा, वेड लागलं का गं तुला?" ग्लेना ओरडली. "पाद्रीबाबा झापतायत मला! म्हणतात, शहरातून कुणी बाई आणलीत काय!"

ओलेटा तिच्या टेबलाजवळ उभी राहिली. प्रत्येक फोनला ग्लेनाचं तोंड बघायची आणि मान खाली घालायची. बऱ्याच वेळानं ग्लेनानं रिसीव्हरवर हात ठेवला.

"तो आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणतोय, आपल्या आईनं कधी साखर घातली नाही."

"'आपल्या' म्हणाला?"

"तसंच म्हणाला."

ओलेटानं रिसीव्हर घेतला. "होबार्ट, दिसतंय का रे नीट?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"कालच जोडला डबा," तो म्हणाला. "जुन्या सिग्नलवर सगळे चौकोनच दिसायचे, तुझा आवाजच काय तो यायचा. आता फार स्वच्छ येतंय. किती म्हातारी झालीस गं, ताई."