पिवळ्या टेपचा जोड

चूक माझी होती आणि ती मी चार दिवस दुसऱ्याच्या नावावर राहू दिली. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात एक सवय असते. गाडी आली की पाना हातात घ्यायच्या आधीच विचारायचं, "याआधी कुणाचा हात लागलाय?" निम्मे फॉल्ट आधीच्या कारागिराने करून ठेवलेले असतात, असा आमच्यातल्या प्रत्येकाचा समज असतो.

कळंब्याचे सर्जेराव गाडी घेऊन आले. दुधाचा व्यवसाय, आवाज मोठा. गाडी सेकंडहँड, वर्षापूर्वी घेतलेली. ड्रायव्हरकडची काच खाली जात होती, वर येत नव्हती.

मी सवयीचा प्रश्न विचारला.

"समोरच्या सलीमभाईनं गेल्या आठवड्यात दाराच्या पॅडला नवं कापड लावलंय की."

"मग झालं. पॅड काढताना वायर कापली असणार."

मी अजून दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

सलीमभाई म्हणजे रस्त्यापलीकडचे सीटकव्हर-कुशनवाले. साठीला आलेले. माझं दुकान सुरू झालं तेव्हा बाकड्यावरची गादी त्यांनीच शिवून दिली होती. सर्जेराव तरातरा पलीकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "ओ सलीमभाई, दिसंना झालंय तर दारात हात कशाला घालताय?"

सलीमभाई कात्री खाली ठेवून उभे राहिले. मी इकडून बघत होतो.

मग मी दाराचं पॅड काढलं. फॉल्ट शोधायची पद्धत साधी आहे. काच खाली जाते, म्हणजे फ्यूज आणि मोटर ठीक. मोटरच्या वायरी बोटाने चाचपल्या. कट कुठेच नव्हता. मग टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींचा साधा बल्ब, स्विचला लावला. बटण दाबलं की बल्ब लागायचा. वर ओढलं की नुसता मिणमिणायचा. स्विच खोलला. काच वर नेणारा कॉन्टॅक्ट जळून काळा झालेला, बाजूचं प्लॅस्टिक वितळलेलं. काच उचलताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून तीच बाजू आधी जाते.

पण स्विच उगाच जळत नाही. मागची वायर ओढून बाहेर घेतली. तिच्यावर एक जोड होता. सेंट्रल लॉकला तिथूनच करंट दिलेला. नुसता पीळ मारलेला, सोल्डर नाही. ढिला पडून तो तापत होता आणि ती आच स्विचपर्यंत पोचत होती. जोडावर काळी टेप, आणि तिच्यावर पिवळ्या टेपचे दोन वेढे.

पिवळ्या टेपचे दोन वेढे ही माझी खूण. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून, ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांनी लावलेली सवय. गाडी आधीच्या मालकाकडे होती तेव्हा ते लॉक मीच बसवलं होतं.

जोड कापून काढला. नवा नीट सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, लॉकला वेगळा फ्यूज दिला, नवा स्विच बसवला. काच सर्रकन वर आली.

"कुशनवाल्यानंच घोळ घातल्ता न्हवं?" सर्जेरावांनी विचारलं.

मी स्क्रू आवळत होतो. मान वर केली नाही. "असंल," म्हणालो.

ते गेल्यावर सलीमभाई आले. "दत्ता, वायर कुठं कापल्ती ते मला दाव की. कात्री कुठं लागली कळू दे. परत तशी चूक नको."

"सगळं पॅक करून गाडी गेली, सलीमभाई."

"बरं." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "नंबर वाढला असंल."

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे इचलकरंजीची एक गाडी आली. चारही दारांचं काम होतं. मला इकडे स्पष्ट ऐकू आलं. "दाराचं काम आता करत न्हाय, पावणं. दिसंना झालंय." शब्द सर्जेरावांचे होते. त्यांना कारण मी पुरवलं होतं.

कापलेला जोड आणि जुना स्विच मी खणात टाकला होता. फेकून का दिला नाही, ते मलाही सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी सर्जेरावांना फोन करून बोलावलं.

"गाडीचं काय राहिलंय?"

"गाडीचं न्हाय. माझं राहिलंय."

त्यांना घेऊन रस्ता ओलांडला. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, पण थांबलो नाही. सलीमभाईंना बोल बसला तोही चारचौघांतच.

कुणाचा हात लागलाय, हे मी आजही विचारतो. पण दार उघडून बघितल्यावर.

जोड आणि स्विच मी सलीमभाईंच्या शिलाई मशीनवर ठेवला.

"सलीमभाई, तुमची कात्री कुठंच लागली न्हवती. ह्यो जोड माझा हाय. त्याच दिवशी मला कळलं, तरी मी गप्प बसलो. तुमच्या डोळ्यांना काय झालेलं न्हाय. मला माफ करा."