एका वडीचा कापूर

त्या वर्षी समुद्रापलीकडे जंगलं जळत होती आणि धूर इकडे आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये. इथले लोक त्याला हेझ म्हणतात. खिडक्या बंद ठेवूनही नव्याने रंगवलेल्या भिंती पिवळट पडल्या, एसी बंद पडला, बायकोचा खोकला काही थांबेना. मी घराच्या विम्याचा दावा केला.

फोनवरच्या बाईंनी विचारलं, "घरात आग लागली होती का?"

"नाही हो. आग दुसऱ्या देशात, धूर माझ्या घरात."

"मग घरात तुम्ही काही जाळता का?"

मी मूर्खासारखं सांगून बसलो, "संध्याकाळी आरतीला कापूर लावतो, एवढंच."

आठवड्याने पत्र आलं. धूर घरातलाच, दावा नामंजूर. एवढी जंगलं जळाली ती कुठे गेली मग? मी संतापून पत्राचा बोळा केला.

त्या संध्याकाळी आरती करताना बायकोला खोकल्याची उबळ आली. बाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. तरी मी तबकातल्या कापराकडेच बघत राहिलो आणि, कधी नव्हे ते, फुंकर मारून तो विझवला.